मी गाळलेला इजिप्त

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला शाळेतली मुलं 'मीरा' म्हणून हाक मारायची. सकाळी सगळी मुलं रांगेनं शाळेला निघाली की खालून ओरडायची, "मीरा, मीरा." मला वाटलं, लाडाचं नाव असेल. एकदा जिन्यात ती एकटी वर येताना दिसली, तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "मीरा, आज लवकर सुटलीस?" ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि वर निघून गेली. नंतर कोशात बघितलं. जपानीत ममीला, म्हणजे पट्ट्या गुंडाळलेल्या मढ्याला, 'मीरा' म्हणतात. ती मुलगी इजिप्तची होती आणि आठ वर्षांची होती.

ही नव्वदीच्या सुरुवातीची, सेंदाईची गोष्ट. माझा नवरा तिथल्या विद्यापीठात धातुशास्त्रात संशोधन करत होता आणि परदेशी संशोधकांसाठी बांधलेल्या तीन मजली इमारतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी पुण्याला इतिहासात एम.ए. करून चार वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले. निघण्याआधी दोन वर्षं जपानी शिकले होते, त्यामुळे इमारतीतल्या बायकांत माझीच भाषा त्यातल्या त्यात चालण्यासारखी होती. कोणाच्या मुलाच्या शाळेची चिठ्ठी आली, कोणाला दवाखान्यात जायचं असलं, कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून कोणी तक्रार केली की मला बोलावणं यायचं. मी वैतागल्यासारखं करायची, पण मला ते आवडायचं. बाकी सगळीकडे मी फक्त 'ओकुसान' होते, म्हणजे अमक्याची बायको.

त्या मुलीची आई माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठी होती. नाईल समुद्राला मिळते त्या सपाट, काळ्या मातीच्या भागातलं तिचं गाव. तिथल्या मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. नवरा खारवट जमिनीवर डॉक्टरेट करत होता. आमची ओळख भाजीच्या दुकानात झाली. तिथे 'मोरोहेया' नावाच्या पालेभाजीच्या जुड्या होत्या आणि वरच्या पाटीवर इजिप्तच्या एका राणीचं चित्र होतं. ती त्या पाटीसमोर उभी राहून हसत होती.

"ही आमची भाजी," ती इंग्रजीत म्हणाली. "राणीनं नाही, आम्ही खाल्ली. एका खलिफानं तर हिच्यावर बंदी घातली होती. खाणाऱ्याला फटके. त्यानंच बायकांचे जोडे करायला चांभारांना बंदी केली, म्हणजे बायका घराबाहेर पडायला नकोत."

"कधीची गोष्ट?"

"हजार वर्षांपूर्वीची."

मी इतिहासाची एम.ए., पण इजिप्त म्हटलं की मला पिरॅमिड माहीत होते आणि एकदम सुवेझचा कालवा. मी तिला तसं प्रामाणिकपणे सांगितलं आणि विचारलं, "मधल्या काळात काय होतं?"

"मधल्या काळात आम्ही होतो," ती म्हणाली.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी ती खाली यायची. आमच्याकडे कोतात्सू होता, म्हणजे खाली हीटर आणि वरून रजई घातलेलं बुटकं टेबल. त्यात पाय घालून आम्ही बसायचो. मला इतकं बोलायला मिळालेलं ते दोन वर्षांत पहिलंच माणूस होतं.

त्या हिवाळ्यात शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ममींचं प्रदर्शन आलं. शाळेनं मुलांना ते दाखवायला नेलं. दुसऱ्या दिवशी वरची मुलगी घरी आली ती केसांत ओल्या कागदाचा लगदा घेऊन. मुलांनी संडासातले कागदाचे रोल आणून तिला गुंडाळलं होतं आणि वर पाणी ओतलं होतं. ती आईला म्हणाली, खेळ होता. तिची आई मला घेऊन शाळेत गेली.

वर्गशिक्षक तरुण होते, नम्र होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाले, "मुलांना इजिप्तची गोडी लागली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. तिनंही थोडं हसून घ्यायला शिकावं, म्हणजे ती वर्गात मिसळेल."

शेजारणीनं माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, झालं ते वाईट झालं. यापुढे ते लक्ष ठेवतील."

तिनं उठून शिक्षकांना वाकून नमस्कार केला आणि आभार मानले. शिक्षकही वाकले. सगळं गोड झालं. मला त्या वेळी स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

जानेवारीत आमच्या भागातल्या नागरी केंद्रातून निरोप आला. तिथे परदेशी लोकांशी ओळख व्हावी म्हणून गृहिणींचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा ते कोणा परदेशी बाईला बोलवायचं. ती आपल्या देशाबद्दल बोलणार, मग खाणंपिणं, मग मुलांसाठी काहीतरी खेळ. या वेळी त्यांना इजिप्त हवा होता, प्रदर्शन ताजं होतं म्हणून. शेजारणीनं लगेच हो म्हटलं.

"मी पिरॅमिडबद्दल एक शब्द बोलणार नाही," ती मला म्हणाली. "त्या शाळेतल्या मुलांच्या आया येणार ना? त्यांना कळू दे, आम्ही मढी नाही. आम्ही मेलो, पुष्कळ मेलो, पण सगळे कोणी पट्ट्यांत गुंडाळलेले राजे नव्हतो. मी माझ्या लोकांचं सांगीन. तू भाषांतर कर."

मी आनंदानं कबूल केलं.

तीन आठवडे आम्ही तयारी केली. तिनं एका हिरव्या वहीत एकेक वाक्य इंग्रजीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी शब्द अडले की कोश काढायची. ती सांगायची ते ऐकताना मला कधीकधी हातातला चहा खाली ठेवावा लागायचा.

ती दुष्काळापासून सुरुवात करणार होती. मध्ययुगात एकदा नाईलला सात वर्षं पूर आला नाही. कैरोत लोकांनी आधी कुत्री-मांजरं खाल्ली, मग एकमेकांना. छपरावर बसून दोरीला गळ बांधून ते खाली सोडायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वर ओढून घ्यायचे. "हे आमच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "मी मुलींना शिकवायचे तेव्हा मुली विचारायच्या, मग आपण कोणाची मुलं? खाल्ल्या गेलेल्यांची तर नसणार. म्हणजे खाणाऱ्यांची."

मग प्लेग. गावंच्या गावं रिकामी झाली. गहू शेतात पिकून उभा राहिला आणि कापायला माणूस नाही. विकत आणलेले गुलाम तिथे सुलतान झाले होते, त्यांच्या घोडेस्वारांना शेतात उतरून विळे हातात घ्यावे लागले.

मग पाशाची फौज. एकोणिसाव्या शतकात पाशाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, मोठं सैन्य हवं होतं, म्हणून शेतकऱ्यांची पोरं गळ्यात दोर बांधून नेत. नेलेला पोरगा परत यायचा नाही. म्हणून आया पोरांचं उजव्या हाताचं पहिलं बोट तोडायच्या, बंदुकीचा चाप ओढता येऊ नये म्हणून. कोणी पुढचे दात पाडायचे, कारण काडतुसाचा कागद दातानं फाडावा लागे. कोणी एका डोळ्यात उंदराचं विष घालायचे.

"माझ्या आजीच्या आजोबांना बोट नव्हतं," ती म्हणाली. "आजी लहान असताना त्यांच्या मांडीवर बसायची. तिनं मला सांगितलंय. त्यांच्या आईनं त्यांना उंबऱ्यावर बसवलं, तोंडात कापड कोंबलं आणि विळ्यानं बोट तोडलं."

"मग सुटले ते?"

"नाही. इतक्या लोकांनी बोटं तोडली की पाशानं त्यांचीच वेगळी पलटण काढली. त्यांनाही नेलं. ते परत आले हे नशीब. आले तेव्हा आई गेलेली होती. तिच्याशी ते अखेरपर्यंत बोलले नव्हते."

मग कालवा, जो मला ठाऊक होता. तो गावागावांतून धरून आणलेल्या माणसांनी आधी हातांनी खणला आणि पाण्यावाचून माणसं मेली, हे मला ठाऊक नव्हतं. मग तिच्या गावाजवळचं एक गाव. तिथे इंग्रज अधिकारी कबुतरं मारायला आले. कबुतरं रानातली नव्हती, गावकऱ्यांनी पाळलेली, त्यांच्या पोटाची. मारामारी झाली, एक अधिकारी उन्हानं मेला. इंग्रजांनी काही गावकऱ्यांना त्यांच्याच घरांसमोर फासावर लटकवलं आणि काहींना फटके मारले. फाशी आणि फटके आळीपाळीनं, घरच्यांना उभं करून.

ते ऐकून मी म्हटलं, "आमच्याकडेही इंग्रजांनी असंच केलं."

"म्हणून तर मला तू हवीस," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला हे नीट सांगता येणार नाही."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. साठीच्या, सुंदर बोलणाऱ्या बाई. आधी हवेबद्दल बोलल्या, माझ्या जपानीचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "मुलंही येणार आहेत. तेव्हा सगळं हसतंखेळतं असावं, एवढीच विनंती. त्या बाई जरा गंभीर दिसतात. तुम्ही मध्ये आहात म्हणून आम्हाला काळजी नाही." आणि फोन ठेवता ठेवता सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या की नागरी कार्यालयात परदेशी लोकांच्या मदतीसाठी एक खिडकी उघडायची आहे, आठवड्यातून तीन दिवस. तिथे कोणाला घ्यावं असं त्यांना विचारलं गेलं आहे.

मला ते काम किती हवं होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाचा कागद आदल्या दिवशी आला. तो जपानीत होता. वर 'चिरंतन इजिप्त', मध्ये भाषण आणि चहा, आणि तळाशी 'मुलांसाठी: चला, ममी बनवू या.' शेजारणीनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "वेळ आणि जागा. शेवटी मुलांचा खेळ आहे."

"कसला?"

"असतो काहीतरी," मी म्हटलं.

हॉलमध्ये पन्नाससाठ माणसं होती. पुढे चटईवर मुलं, त्यांत तिची मुलगी, अगदी पहिल्या रांगेत, गुडघे दुमडून. मागे बायका, काही म्हातारी माणसं. शेजारणीनं करड्या रंगाचा लांब झगा घातला होता आणि डोक्याचा रुमाल नीट इस्त्री केलेला होता. ती उभी राहिली, वही उघडली आणि दुष्काळाचं पहिलं वाक्य वाचलं. मग दुसरं, छपरांचं आणि गळांचं. आणि माझ्याकडे बघितलं.

मी अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्या हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत होत्या. मी जपानीत म्हटलं, "नाईलला पूर यायची वेळ झाली की लोक आपापल्या छपरावर बसून पाण्याची वाट बघायचे."

बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, किती छान.

एकदा तसं केल्यावर पुढचं सोपं होत गेलं. प्लेगबद्दल मी म्हटलं, गहू पिकला की घोडेस्वार सैनिकसुद्धा कापणीला मदत करायचे. कालव्याबद्दल म्हटलं, त्यामुळे जपानहून युरोपला जाणारी जहाजं लवकर पोचू लागली. कबुतरांबद्दल म्हटलं, त्यांच्या गावांत मातीचे उंच कबुतरखाने असतात, फार सुंदर दिसतात. ती फाशीचं वाक्य वाचून थांबली होती. समोरच्या बायका म्हणाल्या, "हेऽऽ, कबुतरखाने," आणि हसल्या. तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, आपण काहीतरी चुकीचं बोललो. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश. मी तिला हातानं खूण केली की पुढे चल.

आजीच्या आजोबांची गोष्ट तिनं शेवटी ठेवली होती. तिथे तिनं वही मिटली. डाव्या हातानं आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं, मग बोट टेबलावर टेकवून दुसऱ्या हाताच्या कडेनं त्यावर मारून दाखवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या हाताचं काहीतरी सांगणं भाग होतं.

मी म्हटलं, "मुलगा सैन्यात निघाला की आई भाज्या चिरून त्याच्यासाठी खास जेवण करायची."

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मायेचं होतं. पुढच्या एका बाईनं तर डोळे टिपले. शेजारीण टेबलाशी तशीच उभी, बोटावर हात ठेवून, त्या हसणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. पहिल्या रांगेत तिची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ही गोष्ट तिनं घरी अरबीत ऐकलेली होती आणि जपानी तर तिला माझ्याहून चांगलं यायचं. मी नजर काढून घेतली.

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतले एक वाकलेले आजोबा हात वर करून म्हणाले, "त्यांनी बोट धरलं होतं. ते काय सांगत होत्या?"

"भाजी चिरायची त्यांची पद्धत," मी म्हटलं.

आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि खाली बसले.

मग चहा झाला आणि मंडळाच्या बायकांनी खोक्यातून संडासच्या कागदाचे रोल काढले. अध्यक्षबाईंनी माइक घेतला. "आज आपल्यात खरीखुरी इजिप्तची मुलगी आहे. पहिली ममी तिचीच करू या ना?" मुलांनी एकच गिल्ला केला, "मीरा, मीरा." दोन बायकांनी तिला प्रेमानं खांद्याला धरून मध्ये उभं केलं. ती हात अंगाला चिकटवून ताठ उभी राहिली. तिला ते कसं करायचं हे माहीत होतं.

शेजारीण पुढे झाली. मी तिचा दंड धरला.

"पाच मिनिटांचा खेळ आहे," मी म्हटलं. "त्यांच्या मनात वाईट काही नाही. आता मध्ये पडलीस तर सगळ्यांचा विरस होईल."

ती थांबली. माझं ऐकून थांबली, हे मला आजही विसरता येत नाही. मुलं मुलीच्या भोवती पळत होती. पाय झाले, हात झाले, गळा झाला. डोळ्यांवरून कागद गेला तेव्हा मुलीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कोणीतरी फोटो काढला. मग तिची आई माझा हात सोडवून गेली आणि कागदाचं टोक शोधून ते उलगडायला लागली. फाडला नाही. उलगडत, आपल्या मुठीवर गुंडाळत, सगळा कागद काढला आणि ती गुंडाळी अध्यक्षबाईंच्या हातात दिली. अध्यक्षबाईंनी आभार मानले.

परत येताना बसमध्ये मायलेकी माझ्या पुढच्या बाकावर बसल्या. मुलगी खिडकीकडे तोंड करून अरबीत बोलत होती. मला अरबी येत नाही, पण ती काय सांगते आहे हे कळत होतं. तिनं हातानं छप्पर दाखवलं. मग कबुतराचे पंख. मग बोट टेबलावर ठेवून भाजी चिरल्यासारखं केलं आणि मान हलवली, नाही, नाही. आईनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. आमचा थांबा आल्यावर दोघी माझ्या आधी उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली. हातात हिरवी वही. कोतात्सूत पाय न घालता बाजूला चटईवर बसली.

"मी एकेक वाक्य वाचते," ती म्हणाली. "त्याचं तू काय सांगितलंस ते मला इंग्रजीत सांग."

"अगं, तिथे मुलं होती. मला वाटलं..."

"मी वाचते," ती म्हणाली.

तिनं पहिलं वाक्य वाचलं. मी सांगितलं. दुसरं वाचलं. मी छपरावर बसून पाण्याची वाट बघण्याचं सांगितलं. तिनं पेन्सिलीनं वहीत समोरासमोर ते लिहून घेतलं. असं पानामागून पान झालं. मध्ये मी रडायला लागले, तर ती मी थांबेपर्यंत पेन्सिल धरून बसून राहिली आणि मग पुढचं वाक्य वाचलं. बोटापाशी आल्यावर मी म्हटलं, "ते तुला कळलंय."

"तुझ्या तोंडून सांग."

मी सांगितलं. तिनं लिहिलं. मग वही मिटली.

"तू खरं सांगितलं असतंस आणि ते हसले असते, तर मला कळलं असतं की ही माणसं कशी आहेत," ती म्हणाली. "आता मला त्यांचंही कळलं नाही. तुझं तेवढं कळलं. शाळेतल्या शिक्षकांनी काय म्हटलं होतं?"

मी तेही सांगितलं. ती उठली आणि गेली.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अशी गळाबिळाची वर्णनं कोणाला ऐकवतात का? तू शहाणपणा केलास." मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

त्यानंतर ती जिन्यात भेटली तर मान लववायची. मुलगी मी दिसले की बूट हातात घेऊन पळायची. पंधरा दिवसांनी नागरी कार्यालयातली खिडकी मला मिळाली. खिडकीवर माझ्या आडनावाची पाटी होती आणि लोक मला आडनावापुढे आदराचं 'सान' लावून हाक मारत. मी तिथे अर्ज भरून द्यायची, लसीकरणाच्या तारखा सांगायची. काम मी चांगलं करत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस ते वाकलेले आजोबा खिडकीशी आले. त्यांना काही अर्ज भरायचा नव्हता. टोपी काढून उभे राहिले.

"त्या दिवशी बोटाचं विचारलं होतं," ते म्हणाले. "युद्धाच्या काळात आमच्या गावात लष्करभरतीच्या आधी पोरं बोट तोडून घ्यायची, चापाचं. म्हणून मला वाटलं. तुम्ही भाजी म्हणालात."

मी समोरचे कागद बाजूला सरकवले.

"माझ्या थोरल्या भावाला आईनं दिवसभर सोया सॉस पाजला होता. त्यानं छाती धडधडते, डॉक्टर नापास करतात, असं म्हणायचे. डॉक्टरनं वासावरून ओळखलं. सगळ्यांसमोर त्याला थोबाडलं आणि भरतीही केलं. तो बराकीतच गेला, मूत्रपिंडं बिघडून. आईनं पुन्हा घरात सोया सॉस आणला नाही. जेवण अळणी असायचं आमचं." ते थांबले. "भाजीच होती ना ती?"

"नाही," मी म्हटलं. आणि खिडकीच्या अलीकडून, दबक्या आवाजात, त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही. तिला भेटता येईल का, एवढंच विचारलं आणि पत्ता लिहून दिला.

मी काम संपताच सायकल हाणत घरी आले आणि तशीच वर गेले. तिच्या दारात खोकी बांधून ठेवलेली होती. नवऱ्याचं काम संपायला अजून वर्ष होतं, पण ती आणि मुलगी परत जायचं ठरलं होतं. मी उभ्या उभ्याच तिला आजोबांचं सांगितलं, सोया सॉसचं, बराकीचं. ती दार धरून ऐकत होती.

"हे त्या हॉलमध्ये बसले होते?" तिनं विचारलं.

"हो. मागे."

तिनं दारातलं एक खोकं पायानं बाजूला सारलं. मग म्हणाली, "पत्ता दे."

"मी येते बरोबर. या वेळी शब्दन् शब्द सांगीन."

"नको," ती म्हणाली. "माझी मुलगी येईल."

पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा खिडकीशी आले. म्हणाले, दोघी आल्या होत्या, तीन तास बसल्या. आईनं वहीतलं अरबीत सांगितलं आणि मुलीनं जपानीत केलं, दुष्काळ, प्लेग, फाशी, सगळं. कुठे अडखळली नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून माणसं खाल्ल्याचं ऐकताना त्यांच्या बायकोला उठून आत जावं लागलं. आजोबांनी आपल्या भावाचं सांगितलं, तेही मुलीनं आईला सांगितलं. मग दोघींनी त्यांच्या देवघरातल्या भावाच्या फोटोपुढे मान झुकवली.

"शेवटी ती मुलगी आपणहून काहीतरी बोलायला लागली," आजोबा म्हणाले. "शाळेतलं. रोज काय करतात ते. आई विचारत होती, काय म्हणतेस? मुलीनं तिला ते सांगितलं नाही. मला एकट्यालाच सांगितलं. तुम्ही त्यांना सांगाल का?"

मी सांगीन म्हटलं. पण त्या दहा दिवसांत जाणार होत्या. आता सांगून काय उपयोग, तिला उगाच त्रास, असं मी मनाशी म्हटलं. आणि सांगितलं नाही. खरं कारण हे की मला पुन्हा त्या दारात उभं राहायचं धैर्य नव्हतं.

मार्चमध्ये त्या निघाल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फ होता. मी सामान उचलू लागायला खाली गेले. तिच्या नवऱ्यानं माझ्या हातात एक पिशवी दिली, तिनं ती हळूच काढून घेतली. टॅक्सीत बसण्याआधी माझ्यासमोर उभी राहिली, हात पुढे जोडून कमरेत नीट वाकली आणि जपानीत म्हणाली, "ओकुसान, आजवर तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल आभारी आहे." तिथे कोणीही कोणालाही म्हणतं ते वाक्य. उच्चार अगदी स्वच्छ होते. मुलीकडून शिकून घेतलं असणार. मुलगी आधीच आत बसली होती, पलीकडच्या खिडकीशी.

मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिचा नवरा वर्षभर वर एकटाच होता. भेटला की सभ्यपणे हवेबद्दल बोलायचा.

तो गेल्यावर वरच्या घरात दुसरं कुटुंब आलं, आणखी लांबच्या देशातलं. त्यांचा मुलगा पहिलीत जाणार होता. आठ दिवसांनी त्याची आई खाली आली. शाळेत शिक्षकांना भेटायचं आहे, म्हणाली. माझं जपानी चांगलं आहे आणि मी सगळ्यांना मदत करते, असं तिला नागरी केंद्रातल्या बायकांनी सांगितलं होतं. मी येईन का, असं तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.